भाकरी कितीही खा?

"शुगर निघाली ना? मग चपाती बंद, भाकरी कितीही खा." धाराशिवपासून परंड्यापर्यंत हा सल्ला फुकट मिळतो. मी ज्वारीचा पक्षपाती माणूस. मालदांडीची भाकरी ताटात नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. म्हणूनच यातला 'कितीही' मला खोडायचा आहे.

100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 70 ग्रॅम पिष्ट असतं. गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढंच. आमच्याकडची ताटभर भाकरी सहज 80-100 ग्रॅम पिठाची होते. अशा दोन खाल्ल्यावर त्या पिष्टाचं ग्लुकोजच होणार. ज्वारीचं पिष्ट जरा सावकाश पचतं, हे खरं. पण सावकाश आली तरी ती साखरच.

दुसरी मंडळी याच्या उलट: पिष्ट म्हणजे विष, भाकरीच सोडा. हेही मला पटत नाही. ज्यांना इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना न विचारता पिष्ट तोडलं तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. शिवाय सगळं पिष्ट सारखं वागत नाही. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवरची साबुदाण्याची खिचडी आठवा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट; त्याला थोडाफार लगाम घालतं ते शेंगदाण्याचं कूट. अशा खाण्यानंतर साखर झपकन चढते, इन्सुलिन धावतं आणि काहींची साखर दोन-तीन तासांत मूळ पातळीच्याही खाली जाते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी 2021 मध्ये 1,070 जणांची नोंद मांडली: ज्यांची साखर अशी जास्त घसरली, त्यांना भूक लवकर लागली आणि दिवसभरात त्यांनी खाल्लंही जास्त. उपवासाला दुपारीच पोटात कावळे ओरडतात, ते उगीच नाही.

मग खायचं कसं? आपली येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचं शेतातलं जेवण, बघा. त्यातल्या भज्जी नावाच्या भाजीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, वर डाळीचं पीठ. तंतू आणि प्रथिनं पिष्टाला रोखून धरतात, पोटही भरलेलं राहतं. त्या दिवशी शेतात भज्जीची पातेली मोठी असतात. एरवी मात्र ताटात भाकरी दोन आणि कालवण म्हणजे पाण्यात बुडालेले डाळीचे चार दाणे! ज्वारीचा गुण असा पाण्यात घालवायचा आणि शुगर वाढली की दोष गव्हाला द्यायचा.

भाजी-डाळ आधी आणि पिष्ट नंतर खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे प्रयोगांतही दिसलं आहे. तेव्हा उद्या जेवायला बसाल तेव्हा डाळ-भाजीची वाटी आधी संपवा, आणि दुसरी भाकरी मागण्याआधी पाच मिनिटं थांबा.