माळ्यावरचा रेडिओ

दर दिवाळीला माळा आवरताना तो खाली येतो, पुसला जातो आणि पुन्हा वर जातो. तुमच्याकडेही असेल एखादा, लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा रेडिओ. आमचा मामंजींनी लग्नाआधी घेतलेला. पेटीत त्यांचं लायसन्सचं पुस्तकही सापडलं. तेव्हा रेडिओ ऐकायला दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागत. १९८० च्या दशकात ते बंद झालं.

मामंजी गेल्यावर सासूबाई एकदाच म्हणाल्या, "सुरू झाला असता तर बरं झालं असतं." मी मनावर घेतलं आणि उत्साहात डायलची काच काढून ओल्या फडक्यानं पुसली. स्टेशनांची नावं काचेच्या आतल्या अंगाला छापलेली असतात, हे कुठे ठाऊक होतं! 'सिलोन' फडक्यावर आलं. सासूबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या गप्पच राहिल्या.

मग एक दुकानदार म्हणाला, "आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवून देतो, दोन दिवसांत." मी हो म्हणणारच होते, पण हे म्हणाले, "मग बाबांचा रेडिओ कुठे राहिला?"

शेवटी विचारत विचारत इथे कळमेश्वरातच एक जुने मेकॅनिक भेटले. पंचाहत्तरीचे, काम सोडलेलं, पण रेडिओ पाहून चष्मा शोधू लागले. त्या भाऊंकडून शिकलेलं तुम्हालाही सांगते.

१. वर्षानुवर्षं बंद असलेला रेडिओ 'बघू तरी' म्हणून प्लगला लावू नका. आतले कंडेन्सर खराब झालेले असतात. ट्रान्सफॉर्मर जळला तर खर्च वाढतो. जाणकार माणूस आधी ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून पाहतो. बल्ब भगभगून मंद झाला तर ठीक. तसाच जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब इथे चालत नाही.

२. आत हात घालू नका. चालू असताना दोनशे-अडीचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो. काही सेटच्या तर लोखंडी सांगाड्यातच करंट उतरतो.

३. साफसफाई कोरड्या, मऊ ब्रशनं करा. व्हॉल्व्हवरचा नंबर बोटानं चोळला तरी पुसला जातो. तो आधी वहीत लिहा, कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे तेही लिहा.

४. व्हॉल्व्ह बहुधा चांगलेच असतात, दोष कंडेन्सरचा असतो. आमचे कंडेन्सर नागपूरला सीताबर्डीवर मिळाले. व्हॉल्व्ह मागताना दुसरं नावही सांगा: 'ईएल ८४' म्हणजेच 'सिक्स बीक्यू फाइव्ह'. गिटारच्या अँप्लिफायरला लागतो म्हणून तो आजही नवा मिळतो. 'ईसीएच ८१' मात्र जुन्या साठ्यातलाच. त्यासाठी मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा कुणाचा तरी बंद सेट. म्हणून बंद सेट भंगारात देण्याआधी मेकॅनिकला विचारा.

५. या रेडिओवर एफएम लागत नाही, मीडियम आणि शॉर्ट वेव्हच. तुमच्याकडे काय ऐकू येतं ते आधी साध्या ट्रान्झिस्टरवर रात्री पाहून घ्या. खरखर फार झाली तर मोबाईलचे चार्जर आणि एलईडी दिवे बंद करा. निम्मी तिथेच थांबते.

आमचे चार कंडेन्सर आणि एक व्हॉल्व्ह बदलला. तीन आठवडे लागले, कारण भाऊंचे डोळे संध्याकाळी साथ देत नाहीत. मजुरी घेईनात, शेवटी डबाभर शंकरपाळे घेतले.

सुरू केल्यावर अर्धा मिनिट काहीच नाही. मग दिवा उजळला, घरघर झाली आणि कुणीतरी बोलू लागलं. सासूबाईंनी स्वतः बटण फिरवलं. पुसलेल्या काचेवर एके ठिकाणी काटा थांबवून म्हणाल्या, "इथे सिलोन होतं. बुधवारी रात्री आठला तुझे मामंजी कुणाला हलू देत नसत." बिनाका गीतमाला १९५२ साली तिथूनच सुरू झाली होती.

आता तिथे नुसती खरखर आहे. तरी त्या थोडा वेळ ऐकत बसल्या.

तुमच्या गावात असे कुणी भाऊ असतील तर पुढच्या दिवाळीची वाट पाहू नका. व्हॉल्व्ह एखादे वेळी मिळून जाईल, बसवणारे हात मिळायचे नाहीत.