चाळीसगावपर्यंत आलो, पुढची गाडी कुठंय?

पेनड्राइव्हवर लिनक्स टाकणं सोपं आहे. त्या लिनक्सचा बूट लोडर त्याच पेनड्राइव्हवर टाकणं मात्र अजूनही सोपं नाही. आणि माझं स्पष्ट मत असं की ही दुसरी गोष्ट ज्याला नीट येत नाही, त्याने गावाकडच्या कुणाच्याही कॉम्प्युटरला हात लावू नये. थोडं कडक वाटेल, पण पुढे वाचा.

विषय आत्ता का? तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि त्याच्या पाठोपाठ आठवड्याभरात दिवाळी आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसर साधारण २०१८ च्या पुढचा लागतो. जळगाव-धुळ्याच्या दुकानांत, क्लासेसमध्ये, कृषी सेवा केंद्रांत बसलेल्या कितीतरी मशीन त्यात बसत नाहीत. मशीन ठणठणीत, पण कागदोपत्री म्हातारी. मग पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने घरी गेलेला आपल्यातलाच कुणीतरी म्हणतो, "जिभाऊ, फेकू नका. लिनक्स टाकून देतो. तुमच्या विंडोजला हातही लावत नाही, सगळं पेनड्राइव्हवर."

हेतू शंभर टक्के चांगला. घोळ त्या 'हातही लावत नाही'मध्ये आहे.

आधी बूट लोडर म्हणजे काय ते आपल्या भाषेत. बरीच वर्षं धुळ्याहून मुंबईला जायचं म्हणजे आधी छोट्या गाडीने चाळीसगाव गाठायचं आणि तिथून मेन लाइनची गाडी पकडायची. बूट लोडर ही ती चाळीसगावची छोटी गाडी. मशीन चालू केली की बायोस तुम्हाला या गाडीत बसवून देतो. ती चाळीसगावला सोडते. पुढची मोठी गाडी म्हणजे कर्नल.

जुन्या बायोस पद्धतीत ही छोटी गाडी खरोखरच छोटी असते. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट कोडला, ६४ पार्टिशन टेबलला, २ सहीला. एवढ्याशा जागेत काय मावणार? म्हणून ग्रब आपला पुढचा तुकडा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत ठेवतो आणि बाकीचा संसार बूट फोल्डरमध्ये. आता इन्स्टॉल करताना पहिले दोन तुकडे गेले आतल्या हार्डडिस्कवर आणि बूट फोल्डर गेलं पेनड्राइव्हवर, तर? पेनड्राइव्ह लावलेला असेपर्यंत सगळं झकास. मेनू येतो, लिनक्स चालतं, विंडोज चालतं, जिभाऊ खूश. तुम्ही पेनड्राइव्ह काढून पुण्याला निघता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतं, मशीन चालू होते आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ: ग्रब रेस्क्यू. छोटी गाडी चाळीसगावला पोचली, पण मेन लाइनची गाडीच रद्द. प्रवासी प्लॅटफॉर्मवर.

नव्या यूईएफआय पद्धतीत हे सुधारायला हवं होतं. इथे बूट लोडर ही साधी फाइल असते, फॅट फॉरमॅटच्या एका वेगळ्या छोट्या पार्टिशनवर (याला ईएसपी म्हणतात). पण डिस्कवरच्या विंडोजचं एक ईएसपी आधीच असतं आणि इन्स्टॉलरला तेच आधी सापडतं. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये 'बूट लोडर कुठे टाकू?' असा रकाना होता. तुम्ही तिथे पेनड्राइव्ह निवडलात तरी यूईएफआयमध्ये तो बूट लोडर आतल्या डिस्कच्याच ईएसपीवर टाकायचा. हा बग २०१४ साली रीतसर नोंदवला गेला आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला. प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं आणि मग स्वतःच्या मनाचं करायचं. सरकारी खिडकीवर असं झालं तर आपण भांडतो, इन्स्टॉलरने केलं तर 'युजरने नीट वाचलं नसेल' म्हणतो! २०२३ पासून उबुंटूला नवा इन्स्टॉलर आला आहे. तरीही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, बाकी डिस्ट्रोंच्या बाबतीतही नाही.

याचे परिणाम दोन. जिभाऊंची मशीन पेनड्राइव्हशिवाय ग्रबवर अडकते. आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावला तर तो चालतच नाही, कारण त्याच्यावर बूट लोडर नाहीच. म्हणजे पाहुण्याने घराची किल्ली खिशात घालून नेली आणि ती त्याच्या स्वतःच्या घराला लागतही नाही.

मग करायचं काय? माझे नियम साधे आहेत.

एक, आतली डिस्क काढा. डेस्कटॉप असेल तर पॉवर बंद करून साटा केबल ओढा. लॅपटॉप असेल तर बायोसमध्ये ती डिस्क बंद करता येते का बघा. जी डिस्क दिसतच नाही, तिच्यावर इन्स्टॉलर काय लिहिणार? हा सगळ्यात गावठी उपाय आहे आणि सगळ्यात खात्रीचाही.

दोन, डिस्क काढता येत नसेल तर नावावर जाऊ नका, साइझ बघा. एसडीए म्हणजे आतली आणि एसडीबी म्हणजे पेनड्राइव्ह, असं कुठेही लिहून ठेवलेलं नाही. एलएसबीएलके चालवा. ३२ जीबी कुठली आणि ५०० जीबी कुठली ते बघा, मगच एंटर.

तीन, पेनड्राइव्हला स्वतःचं ईएसपी द्या, ते माउंट करा आणि ग्रब-इन्स्टॉल चालवताना रिमूव्हेबल हा पर्याय लावा. मग बूट लोडर ईएफआय फोल्डरमधल्या बूट फोल्डरमध्ये बूटएक्स६४ या ठरलेल्या नावाने बसतो. कुठलंही ६४ बिटी पीसी फर्मवेअर बाहेरच्या ड्राइव्हवर याच नावाची फाइल शोधतं.

चार, एफस्टॅब फाइल उघडून ईएसपीचा यूयूआयडी पेनड्राइव्हचाच आहे ना ते तपासा. तो आतल्या डिस्कचा राहिला तर दुसऱ्या मशीनवर बूट होताना ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोड येतो.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: निघण्याआधी पेनड्राइव्ह काढून मशीन एकदा बंद-चालू करा. जिभाऊंच्या समोर. विंडोज आलं का? मगच चहा घ्या :)

ज्यांच्याकडे घोळ आधीच झाला आहे त्यांच्यासाठी: घाबरू नका, विंडोज बहुतेक वेळा मेलेलं नसतं. यूईएफआय मशीनवर बूट मेनूत (बऱ्याच ठिकाणी एफ१२ किंवा एफ९) विंडोज बूट मॅनेजर अजून असतो. तो निवडा आणि नंतर बायोसमध्ये त्याला पहिला नंबर द्या. जुन्या बायोसवर विंडोजच्या रिकव्हरी डिस्कवरून बूटरेक फिक्सएमबीआर. बिटलॉकर चालू असेल तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती कुठे आहे हे कशालाही हात लावण्याआधी विचारून ठेवा.

आता मुद्द्यावर येतो. गोलाणी मार्केटमधला दुकानदार फॉरमॅट मारून देतो तेव्हा आपण इंजिनीयर लोक नाक मुरडतो. पण मशीन चालू झाली नाही तर तो दुपारपर्यंत दुकानावर हजर असतो. आपण हिंजवडीत मीटिंगमध्ये असतो आणि फोनवर सांगतो, "जिभाऊ, एफ१२ दाबा." तिकडे कपाशीच्या बियाण्याची बिलं अडलेली असतात आणि गिऱ्हाईक उभं असतं. ज्ञान आपल्याकडे जास्त, पण जबाबदारी त्याची जास्त. विश्वास कुणावर बसणार ते सांगायला नको.

आणि त्यात तोटा लिनक्सचा होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सिक्युरिटी अपडेटने अनेक ड्युअल बूट मशीनवरचं लिनक्स सुरू होईना. तेव्हा आपण सगळे त्यांच्यावर तुटून पडलो, बरोबरच होतं. दुसऱ्याच्या घरात न विचारता बदल केला की असंच होतं. मग आपल्या इन्स्टॉलरलाही तोच न्याय लावा. जिभाऊंना ग्रब, ईएसपी काही माहीत नसतं. त्यांच्यासाठी गोष्ट एवढीच असते की 'भाच्याने लिनक्स टाकलं आणि मशीन गेली'. ते एकदा ठरलं की पुढची दहा वर्षं त्या गल्लीत कुणी लिनक्सचं नाव काढत नाही.

जुनी मशीन वाचवणं चांगलंच आहे, जरूर वाचवा. फक्त पेनड्राइव्ह खिशात टाकून निघण्याआधी एक रीस्टार्ट करून बघा. दोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्याने गाडी काही चुकत नाही.