मनगटावरचा हिरवा वळ

आईच्या मनगटावर हिरवट वळ उमटला, तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता! ‘बघ, कडं लागू पडलं. आतला वात बाहेर ओढतंय.’ जत्रेतून आणलेलं तांब्याचं साधं कडं. चिंचेच्या कोळानं घासलं की लखलखायचं, आठवड्याभरात पुन्हा काळवंडायचं.

त्या वळात आतलं काहीच नव्हतं. घामातलं आम्ल आणि मीठ तांब्याला लागलं की तांब्याचे हिरवट क्षार तयार होतात. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी कळकते, तसंच हे. साबणानं हात धुतला की वळ जातो.

तांबं शरीराला लागतं, हे खरं. पण दिवसाला जेमतेम 0.9 मिलिग्रॅम, आणि ते तीळ, काजू, डाळींतून पोटात जातं. कड्यानं दुखणं हटतं का, याची इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी नीट परीक्षा घेतली. आमवाताच्या 70 रुग्णांनी तांब्याचं कडं आणि चुंबकाचे खरे-खोटे पट्टे पाळीपाळीनं, प्रत्येकी पाच आठवडे वापरले. 2013 मध्ये निष्कर्ष छापून आले. वेदना, सूज, रक्ततपासणी, कशातही सांगण्यासारखा फरक नव्हता.

मग ‘मला गुण आला’ म्हणणारी माणसं खोटं बोलतात का? मुळीच नाही. सांधेदुखी चढते आणि आपोआप उतरतेही. माणूस कडं घेतो ते दुखणं अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतरचा उतार कड्याच्या नावावर जमा होतो. आईचंही तसंच झालं. पहिले दोन महिने तिला खरंच बरं वाटलं.

त्या भरवशावर दीड वर्ष गेलं. सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटत नसत. कणीक मळायला ती मला हाक मारू लागली, तरी ‘थंडीमुळे असेल’ म्हणून आम्ही सगळेच गप्प. डॉक्टरांकडे गेलो, तोवर दोन बोटं वाकडी झाली होती. आमवातात सांधा एकदा झिजला की तो पूर्ववत होत नाही. औषध लवकर सुरू झालं तर ती झीज बरीच रोखता येते. ते दीड वर्ष मला आजही टोचतं.

कडं काढ, असं मी तिला म्हटलेलं नाही. दर रविवारी जेवण झालं की मी तिच्या तळहातावर आठवड्याची गोळी ठेवते. कडं मागे सारून ती पाण्याचा पेला उचलते, दोन्ही हातांनी.