कुलूपबंद घरे, बेघर माणसे

इंटरनेटवर जुळलेल्या परदेशस्थ स्नेह्यांना भेटावयास निघालेला मुंबई-पुण्याचा मध्यमवर्गीय, आपल्या गैरहजेरीत झंझट नको म्हणून, दुसरे घर भाड्याने देण्याऐवजी त्याला कुलूप लावतो. भाडे थकेल, नळ गळेल, भाडेकरू उठणार नाही, ही त्याची धास्ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु तिचे मूळ भाडेकरूच्या दुष्टपणात शोधणे चूक होय.

1947 च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याने युद्धोत्तर टंचाईत श्रमिकांना आसरा दिला, हे निर्विवाद. मात्र जुन्या इमारतींची भाडी 1940 च्या पातळीवर गोठली, दुरुस्ती रखडली आणि पागडी फोफावली. 1999 च्या कायद्याने दरसाल 4 टक्के वाढ दिली, पागडीला मान्यता दिली आणि मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकावर दुप्पट शुल्क लादले. तरीही 2011 च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली!

कारण उघड आहे. घर ही गुंतवणूक झाली की किंमतवाढ हाच नफा ठरतो आणि भाडे ही कटकट. तेव्हा केवळ मालकाला अभय देऊन भागणार नाही. भाडेतंटे काही महिन्यांत निकाली निघाले पाहिजेत, दीर्घकाळ रिकाम्या ठेवलेल्या घरांवर कर बसला पाहिजे आणि शासनाने स्वतः भाड्याची घरे बांधली पाहिजेत. मालकाची डोकेदुखी आणि श्रमिकाची वणवण या दोहोंवर उतारा एकच आहे; त्यासाठी समाजवाद्यांनी मालक-भाडेकरूंच्या भांडणापलीकडे पाहिले पाहिजे.