नभोवाणीवरील गुंगीचें औषध

जुन्या युरोपीय संगीताविषयीं हल्लीं एक समज फार बळावला आहे. हें संगीत म्हणजे कांहींतरी संथ, मुलायम, डोक्याचा शीण घालविणारें असून रात्रीं निजण्यापूर्वीं मंद आवाजांत लावून ठेवण्यास तें उत्तम, असा तो समज होय. श्रोत्यांनीं तो आपण होऊन करून घेतलेला नाहीं. नभोवाणीनें तो त्यांच्या गळीं उतरविला आहे. इंटरनेटमुळें परदेशची अनेक केंद्रें आतां पुण्यामुंबईच्या घरांतही ऐकूं येतात. तेव्हां हें दुखणें आपल्या दारापर्यंत आलेंच आहे, आणि त्याविषयीं भीडभाड न ठेवतां बोलणें जरूर आहे.

वाईट अधिक यासाठीं वाटतें कीं, याच नभोवाणीचे या संगीतावर थोर उपकार आहेत. मध्ययुगापासून १७५० सालीं बाख निवर्तला तोंपर्यंत युरोपांत जें गायिलें-वाजविलें गेलें, त्यांतील पुष्कळसा भाग पुढें हस्तलिखितांत पडून राहिला. जलसे भरविणाऱ्यांस तिकिटें खपण्याची धास्ती. नभोवाणीस तिकिटें विकावयाचींच नव्हतीं. २९ सप्टेंबर १९४६ रोजीं बी. बी. सी.चा 'थर्ड प्रोग्रॅम' सुरू झाला, तेव्हां पहिल्याच रात्रीं पर्सेलनें १६९४ सालीं राणी मेरीच्या वाढदिवसासाठीं रचलेलें गीत सादर झालें, आणि आल्फ्रेड डेलर यांचा, पुरुषाचा असून स्त्रीच्या पट्टींत सहज फिरणारा आवाज घरोघर पोहोंचला. १९५४ सालीं कोलोनच्या नभोवाणीनें जुन्या बनावटीचीं वाद्यें वाजविणारा 'कापेला कोलोनिएन्सिस' हा आपला स्वतःचा वाद्यवृंदच उभारला. पुढें १९७१ ते १९७६ या काळांत डेव्हिड मन्रो यांनीं बी. बी. सी.वर 'पाइड पायपर' या मालेचे ६५५ भाग सादर केले, आणि तेही मुलांसाठीं! जुनें संगीत हा त्या मालेचा एकच विषय नव्हता. परंतु आधीं दोन शब्द समजावून सांगावे आणि मग ऐकवावें, ही रीत मुलांनाही मानवते, हें तिनें दाखवून दिलें.

आणि आज काय चाललें आहे? १९९४ सालीं स्पेनमधील सांतो दोमिंगो दे सिलोस येथील मठवासी साधूंच्या ग्रेगरियन गायनाची तबकडी जगभर लाखांनीं खपली. श्रोत्यांचा भक्तिभाव एकाएकीं उफाळून आला म्हणून ती खपली नाहीं. धकाधकीच्या जीवनावर उतारा म्हणून ती विकली गेली. तेव्हांपासून असलें गायन म्हणजे झोपेची गोळीच होऊन बसलें आहे. वास्तविक या गायनाला दिवसाचे प्रहर ठरलेले आहेत. पहाटेच्या उपासनेचें गायन वेगळें, सायंकाळचें वेगळें, निजण्यापूर्वींचें वेगळें. मध्यरात्रीं भूपाळी लाविली तर आपल्या घरांतील म्हातारीं माणसें हंसतील. येथें मात्र कोणतेंही गायन कोणत्याही वेळीं चालतें, कारण शब्द काय आहेत हें ऐकणारास कोणी सांगितलेलेंच नसतें.

पाखेलबेलच्या कॅननची दशा तर पाहवत नाहीं. तीन व्हायोलिनें एकामागून एक तेंच सूत्र उचलतात आणि खालीं खर्जाचा एक लहानसा तुकडा अठ्ठावीस वेळां फिरतो, अशी ती मोठी चतुर रचना आहे. तिच्या पाठोपाठ त्याच स्वरांत 'जीग' नांवाचें एक उड्या मारणारें नृत्य जोडलेलें आहे. १९६८ च्या सुमारास पायार यांचें अतिशय विलंबित लयींतील ध्वनिमुद्रण लोकप्रिय झालें आणि कॅननचें अंगाईगीत बनलें. जीग बहुधा गाळलीच जाते. तिनें निजलेला माणूस जागा होईल ना! आणि ज्या 'अल्बिनोनीच्या अदाज्यो'वर शांततेचे हे व्यापारी सर्वांत अधिक लुब्ध आहेत, तो रेमो जाझोत्तो या विसाव्या शतकांतील पंडितानें रचून १९५८ सालीं प्रसिद्ध केलेला आहे. बरोक संगीताचा मासला म्हणून तो आजही बिनदिक्कत वाजविला जातो.

जुनें संगीत शांत असतें, हें म्हणणेंच मुळीं खोटें आहे. १५१५ च्या मारिन्यानोच्या लढाईवर जानकँ यानें रचलेल्या गीतांत गायक नुसत्या तोंडानें नगारे आणि तुताऱ्या वाजवितात. बीबरच्या १६७३ च्या 'बात्तालिया'मध्यें दारू प्यालेले शिपाई आठ निरनिराळीं गाणीं निरनिराळ्या स्वरांत एकदमच गातात, तो कर्कश गोंधळ ऐकून एखाद्यास वाटावें कीं रेडिओच बिघडला. तारांमागें कागद अडकवून ढोलाचा आवाज काढण्याची युक्तीही त्यांत आहे. झोपेच्या कार्यक्रमांत हें कोण लावील?

यावर उत्तर ठरलेलें आहे: दिवसभर राबून आलेल्या माणसास विसावा नको काय? हवा; परंतु रेडिओ बंद केल्यानें तो अधिक चांगला मिळतो. दुसरा पक्ष विद्वानांचा. जुन्या पद्धतीनें वाजविणें म्हणून जें मिरवितात ती विसाव्या शतकाचीच अभिरुचि आहे, असा रिचर्ड टारस्किन यांचा प्रसिद्ध आक्षेप आहे. तो वाद अवश्य चालावा. पण वाद घालण्यासाठींसुद्धां आधीं कान देऊन ऐकावें लागतें.

तीन मिनिटांच्या तबकडींत ख्याल कोंबण्याची पाळी एके काळीं आपल्या गवयांवर आली होती. ती यंत्राची अडचण होती. आज कसलीही अडचण नसतां बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'मधून एक गीत तोडून काढतात. लाइपझिगच्या देवळांत गुड फ्रायडेच्या दिवशीं तिचे दोन भाग होत आणि मध्यें प्रवचन होई. कीर्तनांतील आख्यान टाकून देऊन एकच साकी ऐकवावी, तसा हा प्रकार आहे.

मागणी मोठी नाहीं. रचना कोठें, कोणत्या प्रसंगीं आणि कोणासाठीं झाली व तिच्या शब्दांचा अर्थ काय, हें निवेदकानें दोन मिनिटांत सांगावें आणि मग ती अखंड ऐकवावी. आणि पाखेलबेलचा कॅनन लावावयाचाच असेल, तर त्यामागून ती जीगही लावावी.