चिनी कढई आणि आपला चौका



घरातील तरुण मंडळींना आवडता पदार्थ विचारला, तर दालबाटी किंवा पुरणपोळी हे उत्तर आता क्वचितच येते. मंचुरियन, नूडल्स, शेजवान राइस ही नावे आधी येतात. यावर काही घरी सरळ बंदी असते, तर काही घरी ‘बाहेर जैन चायनीज मिळते ना, मग हरकत कसली?’ असा सोयीस्कर कानाडोळा. मला दोन्ही मार्ग मान्य नाहीत. बंदी घातली की मुले खाणे थांबवत नाहीत, सांगणे थांबवतात. आणि गाडीवरच्या पाटीवरील ‘जैन’ या शब्दाला तारण काय? कढई तीच, झारा तोच, तळणाचे तेलही तेच. म्हणून हा पदार्थ आपल्या चौक्यातच व्हावा, आणि तोही आपले सर्व नियम सांभाळून व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नियम पाळले तर चव जाईल, ही भीती निराधार आहे. आपण ज्याला चायनीज म्हणतो, ती पाकशैली मुळात कोलकात्यात स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांनी भारतीय जिभेसाठी घडवली. मंचुरियनचे श्रेय नेल्सन वाँग यांना दिले जाते. १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी तो पदार्थ प्रथम केला आणि तो मांसाहारी होता. कोबीचे गोळे नंतरचे. सारांश, लसणाचा तो भडिमार म्हणजे काही चीनचा सनातन वारसा नव्हे.

खुद्द चीनमध्ये शाकाहाराची परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकात लिआंग घराण्यातील सम्राट वू याने बौद्ध भिक्षूंना मांसाहार वर्ज्य करावयास लावला. तेथील मठांच्या पाकशाळेत लसूण, कांदा, त्यांच्या कुळातील इतर भाज्या आणि चक्क हिंगही निषिद्ध मानला जातो. कांद्याच्या जागी आपण हिंग घालतो. ते हिंगही सोडतात! आले आणि अळंबी मात्र त्यांना चालतात, आपल्याला नाहीत. या परंपरेतील एका प्रसिद्ध मिश्र भाजीचे नाव ‘लुओहान जाई’ असे आहे. लुओहान म्हणजे अर्हत. आपल्या नित्य वंदनेतील शब्द इतक्या दूरच्या ताटात भेटावा, याचे मला मोठे कौतुक वाटते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. फ्राइड राइससाठी जगभरचे आचारी आदल्या दिवशीचा भात वापरतात, कारण गार आणि कोरडा भात कढईत मोकळा राहतो. आपल्याकडे वासी अन्न अभक्ष्य. त्यावर उपाय सोपा आहे. दुपारी तांदूळ भरपूर पाण्यात शिजवावेत, किंचित कणी राहिली असतानाच चाळणीत निथळावेत, तेलाचा हात लावून परातीत पातळ पसरावेत आणि दीड-दोन तास पंख्याखाली ठेवावेत. रात्र मध्ये न येताही भात तितकाच सुटा होतो.

भाज्यांत गाजर, पातीचा कांदा आणि अळंबी गेलीच. मोड आलेले मूगही अनंतकायात गणले जातात, म्हणून तेही नकोत. सिमला मिरची, फरसबी, मटार, कोवळा मका आणि पनीर एवढे पुरेसे आहे. कोबीतील सूक्ष्म जीवांमुळे अनेक घरी तो बाराही महिने वर्ज्य असतो. चातुर्मासात पालेभाज्यांबरोबर तो सर्वांनीच वगळावा. भाज्या बारीक चिराव्यात आणि लोखंडी कढई चांगली तापवून थोड्या-थोड्याच परताव्यात. घरच्या शेगडीची आच मर्यादित असते; एकदम ढीग टाकला की भाजी परतली न जाता शिजते.

शेजवान सॉसची गंमत वेगळीच. चीनच्या सिचुआन प्रांतातील जिभेला झिणझिण्या आणणारे मिरे आणि आपल्या कोकण-गोव्यातील तिरफळ ही एकाच प्रजातीची भावंडे. बाजारी शेजवानात ते सहसा नसतेच. आपण अवश्य घालावे. चौघांसाठी आठ-दहा ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटाव्यात. तीन चमचे तेलात चिमूटभर हिंग, पाव चमचा सुंठ, चार-पाच तिरफळांच्या बिया काढलेल्या सालींची पूड, मग मिरचीचे वाटण आणि दोन टोमॅटोंचा रस घालून तेल सुटेपर्यंत परतावे. शेवटी मीठ, थोडा गूळ आणि लिंबू. सुंठ काही घरी चालत नाही. तिच्याविनाही बिघडत नाही. मधाचे नाव मात्र कोणत्याही ‘हनी’ पदार्थात काढू नये. गुळाचा पाक तेच काम करतो.

बाटल्यांविषयी थोडे. कर्जाच्या कागदांवरील बारीक अक्षरे वाचण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे ही सवय सुटत नाही. हिरवा ठिपका शाकाहाराची ग्वाही देतो, कांदा-लसणाविषयी तो काहीही सांगत नाही. नूडल्सच्या पाकिटातील मसाल्यात दोन्हींची पूड बहुधा असते. घटकांत नुसते ‘मसाले’ लिहिले असेल तर वस्तू परत फळीवर ठेवावी. पारंपरिक सोया सॉस सोयाबीन आणि गव्हाला बुरशी लावून कित्येक महिने आंबवून करतात. ज्या घरी आंबवलेले चालत नाही, त्यांनी साखर जाळून तपकिरी रंग आणावा आणि त्यात चिंचेचा कोळ व मीठ घालावे. चव हुबेहूब तीच येत नाही, पण ताटे रिकामी होतात. व्हिनेगरऐवजी लिंबू. अजिनोमोटोची गरजच नाही. पिकलेल्या टोमॅटोत तोच ग्लुटामेट निसर्गतः असतो.

वेळेचे गणित एवढेच की भात दुपारी दोनला पसरावा, भाज्या साडेचारला चिराव्यात आणि कढई पाचच्या सुमारास चढवावी. हे अन्न कढईतून थेट ताटात पडले तरच खरे. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा दुकानातून येणाऱ्यांना निरोप आधीच द्यावा. सॉस उद्यासाठी ठेवावयाचा नसल्याने जेवणाऱ्यांची संख्या कळल्यावरच मिरच्या भिजत घालाव्यात.