अबोल उपकरणाचा बंदोबस्त

एक नियंत्रक आणि त्याच्या ताबेदारीतील अनेक उपकरणे यांचा संवाद डेटा आणि क्लॉक या अवघ्या दोन तारांवर, आणि तार कोणीही खाली ओढावी पण वर मात्र रेझिस्टरनेच खेचावी एवढ्या संकेतावर, भागविण्याची जी तजवीज फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आय-स्क्वेअर-सी या नावाने केली, तिच्या काटकसरीचे कौतुक यथार्थच आहे. परंतु टेबलावर एकदा चाललेले संभाषण कारखान्यातही तसेच चालेल, हा जो समज आमच्या व्यवसायबंधूंत दृढ होत चालला आहे, त्याबद्दल दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे.

पत्त्यांचा तंटा त्यातल्या त्यात सोपा. डीएस-१३०७ हे घड्याळ आणि एमपीयू-६०५० हा सेन्सर, दोघेही षोडशमान ६८ याच पत्त्यावर नांदतात. सेन्सरची एडी-शून्य पिन उच्च पातळीला बांधली की तो ६९ वर बिऱ्हाड हलवितो. रेझिस्टरांचा हिशेब मात्र सहसा कोणी करीत नाही. ४.७ किलोओहमचे पुल-अप आधीच बसविलेली पाच मॉड्यूले एका बसवर जोडली की ते सारे समांतर होऊन ०.९४ किलोओहम उरतात, आणि ५ व्होल्टवर तार खाली ओढणाऱ्यास ५ मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह पेलावा लागतो. आय-स्क्वेअर-सीच्या मानकाची अपेक्षा ३ मिलिअँपिअरचीच आहे.

तथापि खरी काळजी मौनाची. सेन्सरने शून्याचा बिट मांडण्याकरिता डेटाची तार खाली धरलेली असता नेमका नियंत्रक रीसेट झाला, तर त्यास झाल्या संभाषणाची कसलीही स्मृती राहत नाही; सेन्सर मात्र, त्यास वर्दी कोणीच न दिल्यामुळे, पुढच्या क्लॉकची प्रतीक्षा करीत तार धरूनच राहतो, आणि नव्याने जागा झालेला नियंत्रक बस गुंतली आहे असे समजून थांबतो. दोघेही नियमानेच वागत असतात! वॉचडॉगचा येथे इलाज नाही, कारण त्याचा अंमल नियंत्रकापुरता. अडकलेल्या सेन्सरला त्याचा हुकूम पोहोचतच नाही. उपाय त्या मानकातच आहे: डेटाची तार मोकळी सोडून क्लॉकचे नऊ ठोके द्यावेत, तेवढ्यात उपकरण तार सोडते, मग स्टॉपचा संकेत देऊन कारभार पुनश्च सुरू करावा. हे चार ओळींचे काम प्रोग्रॅमच्या आरंभीच असावे, आणि प्रत्येक प्रतीक्षेस मुदत असावी. (एव्हीआर बोर्डांवरील वायर लायब्ररीत मुदतीची सोय आहे, पण ती मागितल्यावाचून मिळत नाही.)

यापुढे बोर्ड पसंत करण्यापूर्वी सेन्सरचे वाचन अखंड चालू ठेवून नियंत्रकाची रीसेट कळ वारंवार दाबावी, आणि डेटाची तार दर वेळी वर येते की नाही हे ऑसिलोस्कोपवर पाहिल्यावाचून माल रवाना करू नये, एवढी आमची ताकीद आहे.